सदलग्याच्या उजवीकडचा जपान

माझं जे काही बरं झालं ते कोणामुळे, असं मला कोणी विचारलं तर मी फार विचार करत नाही. आक्कामुळे. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि निपाणीतल्या आमच्या गल्लीतल्या इतर बायकांसारखी तीही मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायला बसली. आईवडील दोघंही तंबाखूच्या वखारीत कामाला जायचे, त्यामुळे माझं सगळं तिनेच केलं. शाळेत सोडणं, आणणं, पाढे म्हणून घेणं. मी पाढे म्हणायचो, ती बिडीची पानं कापायची. तिची नजर कात्रीवर असायची, पण सतरा सत्ते चुकलं की लगेच म्हणायची, "परत."

मला नंतर कळलं की बिड्या वळणाऱ्या बायकांचे हात आणि डोळे कामात गुंतलेले असतात, कान मात्र दिवसभर मोकळे असतात. गल्लीत कोणाची सायकल आली, कोणाच्या घरी भांडण झालं, कोणत्या घरातला कुकर अजून झाला नाही, हे आक्काला मान वर न करता समजायचं. त्या कानांचा मला पुढे किती उपयोग होणार आहे, याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. मराठी शाळेतून पी.यू.ला, म्हणजे अकरावीला गेलो तेव्हा इंग्रजीने माझी वाट अडवली होती, आणि बेळगावला इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा कन्नडनेही. दोन्ही हळूहळू जमलं. कॉलेजात आमचे एक प्राध्यापक हौशी रेडिओचा छोटा क्लब चालवायचे. परीक्षा दिली की सरकारकडून परवाना मिळतो, स्वतःचं एक सांकेतिक नाव मिळतं, आणि मग आपल्या यंत्रावरून जगातल्या कोणत्याही परवानाधारकाशी बोलता येतं. माझा परवाना आला तेव्हा मी तो मिठाईसकट घरी नेला. दाजींनी, म्हणजे आक्काच्या यजमानांनी, तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "म्हंजे बोलायची सरकारी परवानगी. लगीन व्हायच्या आत बोलून घे, नंतर कुठली मिळतीय." आक्काने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

आता मी बेळगावात राहतो, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात देखभालीचं काम पाहतो. पण माझा रेडिओ निपाणीला, आक्काच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत आहे. बेळगावातल्या माझ्या भाड्याच्या घरावर अँटेना लावायला मालक तयार नाहीत. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी बस पकडतो आणि रविवार गच्चीवर घालवतो. बायको याला माझं दुसरं सासर म्हणते.

माझा जीव जडला तो सहा मीटर नावाच्या पट्ट्यावर. रेडिओच्या लहरींच्या लांबीवरून त्याला हे नाव पडलं आहे. बाकीच्या काही पट्ट्यांवर रोज कोणी ना कोणी दूरदेशीचं भेटतं. सहा मीटरचं तसं नाही. एरवी त्याचा आवाज कोल्हापूरच्या थोडं पुढे गेला तरी खूप झालं. पण सूर्यावरचे डाग वाढले की वातावरणाच्या अगदी वरच्या थरात असं काही होतं की तो थर आरशासारखा काम करू लागतो, आणि निपाणीतून निघालेला आवाज हजारो किलोमीटरवर उतरतो. हे कधी होईल ते सांगता येत नाही. पंधरा मिनिटं टिकतं, कधी तासभर, कधी एक वाक्य पुरं होईपर्यंतच. हा पट्टा म्हणजे न कळवता येणारा पाहुणा आहे, आणि चहा टाकेपर्यंत उठून जाणाराही. गेली काही वर्षं सूर्य जोरात आहे, म्हणून माझ्यासारख्या लहान यंत्रवाल्यालाही हा पाहुणा भेटला.

अँटेना मी उद्यमबागेत मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांची केली. एका आडव्या दांड्यावर पाच नळ्या, प्रत्येक साधारण तीन मीटरची. ती ज्या दिशेला वळवाल त्या दिशेचं जास्त ऐकू येतं. खांब म्हणजे पाण्याचा लोखंडी पाइप, खाली भंगारातलं बेअरिंग, आणि छातीच्या उंचीवर सायकलचं जुनं हँडल. ते धरून खांब फिरवायचा. अडचण एकच होती. मी यंत्रापाशी बसलो की खांब फिरवायला कोणी नाही, आणि खांबापाशी गेलो की यंत्रावर कोणी नाही. आवाज तर मिनिटभरात विरून जायचा.

पहिल्या रविवारी माझी ही धावपळ आक्काने पाहिली. ती सूप घेऊन गच्चीवर आली, खांबाच्या सावलीत बसली आणि म्हणाली, "कुणीकडं फिरवू ते सांग."

मी म्हणालो, जपानकडे, छप्पन्न अंश. तिने विचारलं, अंश म्हणजे किती. मी होकायंत्र आणायला उठलो तर ती म्हणाली की गावाचं नाव सांग, लई झालं. तिचं म्हणणं बरोबर होतं. तिला या मुलखातली सगळी गावं पायाखालची. चिकोडीला तालुक्याच्या कचेरीत दाखल्यांसाठी ती किती वेळा गेली असेल. सदलग्याला मावशी, संकेश्वरला दाजींची बहीण, आजऱ्याला आमचं आजोळ. गच्चीवर उभं राहून कुठलं गाव कोणत्या बाजूला हे तिला डोळे मिटून सांगता यायचं.

मग मी नकाशावर पट्टी ठेवून आमचं वेगळं भूगोलाचं पुस्तक तयार केलं. ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा म्हणजे संकेश्वर. दक्षिण आफ्रिका म्हणजे आजरा. युरोप म्हणजे राधानगरी आणि कागलच्या मधे. आणि जपान म्हणजे सदलग्याच्या जरा उजवीकडे. मी खिडकीतून गावाचं नाव घ्यायचो, आक्का खांब फिरवायची. यंत्राला आणखी एक स्पीकर जोडून मी तो बाहेर गच्चीवर ठेवला, म्हणजे तिलाही ऐकू येईल. दाजी मालवाहू टेम्पो चालवतात. ते जिन्यातून डोकं वर काढून विचारायचे, "आज जपान सदलग्यातच हाय न्हवं? तिकडचं भाडं हाय, जाता जाता सोडू काय तुला?"

पहिला लांबचा माणूस भेटला तो संकेश्वरच्या दिशेचा. ऑस्ट्रेलियातला एक म्हातारा, आवाजावरून सत्तरीच्या पुढचा. आधी नुसती खरखर, मग तिच्यातून पाण्याखालून यावं तसं बोलणं, आणि एकाएकी इतकं स्वच्छ की जणू शेजारच्या गच्चीवरून बोलतो आहे. त्याने माझं सांकेतिक नाव अक्षर अक्षर उच्चारलं. माझा आवाज किती जोरात येतो ते सांगितलं, मी त्याचा सांगितला. झालं. या पट्ट्यावर एवढ्यावरच भेट पुरी होते. दोघांनी एकमेकांचं नाव आणि आवाजाची ताकद नीट ऐकली पाहिजे, बाकी गप्पांना वेळ नसतो. मी वहीत त्याचं नाव लिहायला घेतलं. बाहेरून आक्काने विचारलं, "जेवला काय त्यो?"

मी म्हणालो, असलं विचारत नाहीत. ती म्हणाली, एवढ्या लांबनं माणूस आला आणि जेवला का म्हणून विचारलं नाही, ही कुठली रीत. पुढच्या एका रविवारी तोच म्हातारा पुन्हा भेटला, आणि आवाज जरा टिकून होता. मी धीर करून सांगितलं की माझी बहीण अँटेना फिरवते आणि तिला जाणून घ्यायचं आहे की तुम्ही जेवलात का. तो हसला. खरखरीतूनही ते हसणं ऐकू आलं. म्हणाला, आत्ताच पाव आणि सूप खाल्लं, बहिणीला सांगा. मी सांगितलं. "नुसतं सूप?" आक्का म्हणाली, आणि वळत असलेली बिडी पुरी केली.

अशी दोन वर्षं गेली. माझ्या वहीत जपानी लोक खूप झाले, ऑस्ट्रेलियाचे, आफ्रिकेचे, युरोपचेही थोडे. प्रत्येक भेटीपुढे मी तारीख, वेळ, आवाजाची ताकद आणि दिशा लिहायचो. दिशेचा रकाना मी स्वतः आखलेला. त्यावरून मी एक आलेखही केला आणि माझ्या जुन्या कॉलेजच्या क्लबात भाषण द्यायला गेलो. पडद्यावर आलेख दाखवून सांगितलं की आमच्या भागातून जपान नेहमी छप्पन्न अंशांवरच येतो, गणिताशी तंतोतंत जुळतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. अँटेना कशी फिरवता, असं एकाने विचारलं. मी म्हणालो, हाताने. कोणाच्या हाताने ते त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

त्याच सुमारास आक्काचे गुडघे दुखू लागले. जिना चढताना ती कठड्याला धरायची. मला वाईट वाटायला लागलं. माझ्या हौसेसाठी पन्नाशी ओलांडलेली बहीण दर रविवारी उन्हात बसते, हे माझ्या शिक्षणाला शोभत नाही असं वाटलं. कारखान्यात येळ्ळूरहून मोटारसायकलवर येणारा एक फिटर आहे, हाताचा फार चांगला. त्याने एका जुन्या मोटारीला गिअर जोडून खांब फिरवायची सोय करून दिली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी ती बसवली. सायकलचं हँडल काढून टाकलं. आता खोलीत बसून बटण दाबलं की खांब फिरायचा आणि काट्यावर अंश दिसायचे.

मी आक्काला वर बोलावून दाखवलं. तिने एकदा बटण दाबून पाहिलं, खांब फिरला. "चांगलं केलंस," ती म्हणाली. "लई चांगलं केलंस." दाजी म्हणाले, "बटन दाबलं की जपान. झाली बघ तुझी आक्का रिटायर." आम्ही सगळे हसलो. तीही हसली.

त्यानंतर रविवारी ती वर आली नाही. मी विचारलं की गुडघे दुखतात म्हणायची. चहा दाजींच्या हातून यायचा. मला मात्र समाधान होतं की निदान एवढी तरी तिची सेवा माझ्याकडून झाली.

पण त्या दिवाळीपासून माझा जपान गेला. पुण्याचा आणि बेंगळुरूचा माझा एकेक मित्र फोनवर कळवायचा की पट्टा उघडला आहे, जपान भरभरून येतोय. मी काटा छप्पन्नवर आणायचो आणि ऐकत बसायचो; गणित पक्कं होतं, म्हणून काटा इकडेतिकडे हलवून पाहायचं मनातही आलं नाही. खरखर, आणि तिच्यात दूर कुठेतरी कोणीतरी असल्याची शंका. मी केबल बदलली. सगळे जोड उघडून साफ केले. सूर्याला दोष दिला. चार महिने असे गेले.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी पुण्याच्या मित्राने पुन्हा कळवलं, आणि माझ्याकडे पुन्हा काही नाही. मोटार अडकली असेल म्हणून मी खोलीतून बाहेर खांबापाशी गेलो. खांबाभोवती लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. जुन्या धोतराचा तुकडा, चारी कोपऱ्यांवर दगड, आणि मिरच्या सकाळीच, मी वर यायच्या आत, हलवलेल्या. बाजूच्या दोरीवर ओले कपडे होते. मी उभा राहिलो. या मिरच्या दाजींनी घातलेल्या नव्हत्या आणि कपडेही त्यांनी आणले नव्हते. म्हणजे आक्का रोज जिना चढत होती, ओल्या कपड्यांची बादली घेऊनसुद्धा. फक्त रविवारी, मी वर येऊन बसलो की, तिचे गुडघे दुखत होते.

मिरच्या ओलांडून मी कठड्यापाशी गेलो, तेव्हा त्यावर पांढरे ठिपके दिसले. तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचे, बोटाने लावलेले. दोन वर्षांच्या पावसात काही पुसट झाले होते, काही ठळक. ठिपक्यांच्या वर कोळशाने लिहिलेलं होतं, सातवीपर्यंतच्या वळणदार अक्षरात: संकेश्वर. आजरं. सदलगा. खांब कुणीकडे लावायचा ते लक्षात राहावं म्हणून तिने केलेल्या त्या खुणा होत्या. हँडलवर हात ठेवून उभं राहिलं की दांड्याचं टोक बरोबर त्या ठिपक्यांवर येत असणार.

संकेश्वरचे ठिपके संकेश्वरखाली होते. आजऱ्याचेही आजऱ्याखाली. पण सदलग्याच्या जरा उजवीकडे, माझ्या छप्पन्न अंशांवर, एकच ठिपका होता, आणि तिथून आणखी उजवीकडे चिकोडीच्या दिशेने आठ-दहा ठिपके सरकत गेले होते. प्रत्येकाजवळ "ज" असं अक्षर.

मला समजायला थोडा वेळ लागला. मी सदलग्याच्या जरा उजवीकडे म्हणायचो, ती तिथे लावायची. पण आवाज तिथे भरला नाही तर ती थांबायची नाही. कान स्पीकरकडे ठेवून बोटभर, बोटभर पुढे सरकवायची, आणि जिथे आवाज भरेल तिथे थांबून चुना लावायची. जपान माझ्या नकाशावरच्या सरळ वाटेने येत नव्हता. कित्येकदा लहरी विषुववृत्ताकडून वळसा घेऊन येतात, हे पुस्तकात आहे आणि मी ते वाचलेलंही होतं. पण वहीत मी प्रत्येक वेळी छप्पन्न लिहिलं, कारण मी छप्पन्न सांगितलं होतं. खांब खरोखर कुठे थांबला ते मी दोन वर्षांत एकदाही खोलीतून उठून पाहिलं नव्हतं.

मी आत जाऊन काटा चिकोडीकडे, शेवटून दुसऱ्या ठिपक्यावर नेला. खरखरीतून जपानी माणसं वर आली, एकामागून एक, ओळखीचे आवाज. त्या सकाळी सात जण भेटले. मला आनंद व्हायला हवा होता. मी प्रत्येकाचं नाव लिहिलं आणि दिशेचा रकाना मोकळा सोडला.

खाली आक्का पानं भिजवत होती. मी विचारलं की सदलग्याच्या पुढे पार चिकोडीकडे फिरवायचीस ते मला कधी सांगितलं का नाहीस.

"त्यात काय सांगायचं?" ती म्हणाली. "आवाज भरला की थांबायचं. तुला ऐकू येतंच की."

मी म्हणालो, मला वाटलं मीच ऐकतोय. ती पानांवरचं पाणी झटकत राहिली. मग मी मोटारीचं विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"तू शिकलास. तुला बरं पडंल तसं करायचं," ती म्हणाली. "मला वाटलं, आता माझं काम न्हाय तिथं."

वर जाऊन मी ते सगळे ठिपके होकायंत्राने मोजले. मी बसची वेळ झाली म्हणून निघालो. फोनवर आक्काशी असलं बोलता येत नाही, "बरं, ठेव" म्हणून ती बंद करते. रेडिओत एक पद्धत आहे: भेट झाली की दोघांनी एकमेकांना टपालाने कार्ड पाठवायचं. लेखी आल्याशिवाय भेट पक्की मानत नाहीत. म्हणून बेळगावला गेल्यावर मी तिला पत्र लिहिलं. ते पत्र तिने रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवलं आहे आणि मागितलं तरी देत नाही. माझ्याजवळच्या कच्च्या प्रतीवरून ते इथे उतरवतो.

आक्का,

शाळेत शिकवलं तसं तीर्थरूप वगैरे लिहायला घेतलं होतं, पण तू हसशील म्हणून खोडलं. नमस्कार मात्र खरा आहे.

मी दोन वर्षं वहीत खोटं लिहिलं. मुद्दाम नाही, पण खोटंच. जपानची दिशा मी कधी पाहिली नाही, तू पाहिलीस. तुझे चुन्याचे ठिपके मी होकायंत्राने मोजले आहेत. वहीत जुना आकडा तसाच ठेवून शेजारी लाल शाईने तुझा लिहितोय. कोणता ठिपका कोणत्या दिवसाचा हे मला कळत नाही. तुला आठवत असेल तर सांग. आठवत नसेल तर तिथे माहीत नाही असं लिहू.

कॉलेजच्या सरांनाही मी कळवलं आहे की माझा आलेख चुकीचा होता आणि खांब माझी बहीण फिरवत होती. त्यांनी विचारलंय की ती मुलांना सांगायला येईल का. मी हो म्हटलेलं नाही. ते तू ठरव.

दुसरं. आमच्यात नुसतं ऐकणाऱ्यालाही कार्ड पाठवता येतं. मी अमुक दिवशी, अमुक वेळी तुमचा आवाज ऐकला, असं लिहून पाठवायचं, मग तो माणूस आपल्या नावाने कार्ड पाठवतो. ऑस्ट्रेलियाच्या त्या म्हाताऱ्याला मी तुझ्या नावाने एक लिहिलंय. सही तुझी लागेल. रविवारी आणतो. मजकुरात काही बदलायचं असेल तर बदल.

मोटार मी तुझे गुडघे दुखतात म्हणून बसवली. तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत नाही, कारण मी विचारलं नाही. माझ्या फीचे, पुस्तकांचे, बेळगावच्या खोलीचे सगळे निर्णय तू मला विचारून केलेस, मी आठवीत असल्यापासून. हे मला बसमध्ये आठवलं.

म्हणून आता विचारतो. गुडघे खरंच दुखत असतील तर मोटार राहू दे, आणि बटण तुझ्या हाताशी गच्चीवर नेतो. दुखत नसतील तर हँडल परत बसवू, ते मी टाकलेलं नाही. दोन्हीही नको असेल, कंटाळा आला असेल, तर तसंही सांग, मी वाईट वाटून घेणार नाही. पण मला बरं पडेल तसं सांगू नकोस. मला एकट्याला जपान ऐकू येत नाही, हे या चार महिन्यांत पक्कं झालंय.

दाजींना सांग की रविवारी सकाळी भाडं घेऊ नका. तू काहीही ठरवलंस तरी शिडी धरायला माणूस लागणारच आहे.

तुझा भाऊ